रेमंड क्यूलेमान्स आणि तीन कुशनचं बिलियर्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरम बिलियर्ड्स म्हणजे आपला सोंगट्यांचा कॅरम का?

नाही. नाव ऐकून नव्वद टक्के लोकांच्या डोळ्यांपुढे बोरिक पावडर आणि स्ट्रायकर येतो, म्हणून हे आधीच सांगून टाकू. कॅरम बिलियर्ड्स क्यूनं, म्हणजे लांब निमुळत्या काठीनं खेळतात. टेबलावर तीनच चेंडू असतात, पांढरा, पिवळा आणि लाल. टेबलाला एकही खिसा नसतो, त्यामुळे काही ‘घालायचं’ नसतं. आपल्या चेंडूनं बाकीच्या दोन्ही चेंडूंना स्पर्श केला की एक गुण आणि पुढचा फटका आपलाच. चुकला की पाळी गेली.

‘तीन कुशन’ ही काय भानगड?

आपला चेंडू दुसऱ्या चेंडूपर्यंत पोचण्याआधी किमान तीन वेळा कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला, लागलेला असला पाहिजे. पहिल्या चेंडूला कधी लागायचं यावर बंधन नाही. आधी चेंडू मग तीन कुशन, एक कुशन मग चेंडू मग दोन कुशन, किंवा तिन्ही कुशन आधी आणि मग दोन्ही चेंडू, सगळं चालतं. तीन वेगवेगळ्या कुशन हव्यात असंही नाही. एकाच कुशनला दोनदा लागलं तर दोन मोजतात.

प्रत्येक यशस्वी फटक्याला एकच गुण मिळतो. सामना ४० किंवा ५० गुणांचा असतो. पहिल्यानं खेळणाऱ्यानं गुण पूर्ण केले तरी समोरच्याला बरोबरी करण्यासाठी एक पाळी मिळते. १९८० च्या दशकात १५ गुणांच्या सेटची पद्धतही आली.

रेमंड क्यूलेमान्स कोण?

बेल्जियममधल्या लिअर या गावचे, जन्म १२ जुलै १९३७. आडनावातल्या पहिल्या अक्षराचा उच्चार ‘क’ आहे. इंग्रजी स्पेलिंग बघून ‘स्यूलमन्स’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, ते सोडून द्या.

आकडे बघा: ३५ जागतिक विजेतेपदं (त्यांतली २३ तीन कुशनची), ४८ युरोपियन आणि ६१ राष्ट्रीय. १९६३ ते १९७३ सलग अकरा वर्षं तीन कुशनचा जागतिक किताब त्यांच्याकडे होता. १९७४ साली जपानच्या नोबुआकी कोबायाशीनं तो घेतला. १९७५ ते १९८० तो परत क्यूलेमान्स यांच्याकडे. त्यानंतर ल्युडो डीलिस, रिनी व्हान ब्राख्ट अशी नावं मध्ये येतात आणि १९८३ आणि १९८५ ला पुन्हा क्यूलेमान्स. शेवटचं जागतिक विजेतेपद २००१ सालचं, वयाच्या ६४ व्या वर्षी. पहिल्या आणि शेवटच्या किताबात ३८ वर्षांचं अंतर. विजेतेपदांची शंभरी ओलांडली म्हणून ‘मिस्टर १००’ हे टोपणनाव पडलं. बेल्जियमच्या राजानं त्यांना नाइट हा किताबही दिला.

नुसते किताब बाजूला ठेवले तर त्यांचा खेळ वेगळा कशानं होता?

तीन कुशनमध्ये एक गुण काढणं हेच इतकं अवघड आहे की बहुतेक खेळाडूंचं डोकं ‘हा फटका बसेल का’ इथेच थांबतं. क्यूलेमान्स यांच्या फटक्यात दोन प्रश्नांची उत्तरं एकदम असत: हा गुण कसा घ्यायचा, आणि गुण झाल्यावर पहिला चेंडू कुठे जाऊन थांबेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तर पुढचा गुण सोपा मिळतो.

ही सवय कुठून आली ते त्यांच्या उरलेल्या १२ जागतिक किताबांवरून कळतं. ते तीन कुशनचे नाहीत, कॅरम बिलियर्ड्सच्या इतर प्रकारांतले आहेत. बॉकलाइनचं उदाहरण घ्या. यात टेबलावर कुशनपासून ४७ किंवा ७१ सेंटिमीटरवर रेघा आखून चौकोन पाडतात. ‘४७/२’ म्हणजे एका चौकोनात दोन्ही चेंडू असताना दोनच गुण घेता येतात. दुसऱ्या गुणाच्या वेळी निदान एक चेंडू चौकोनाबाहेर गेलाच पाहिजे. चांगला खेळाडू त्याला बाहेर पाठवतो आणि कुशनला लावून परत बोलावतो. म्हणजे चेंडू वीतभर इकडे की तिकडे, याच्यावर सगळी मालिका अवलंबून. त्या तालमीत तयार झालेला माणूस तीन कुशनकडे वळला की पहिला चेंडू त्याच्या दृष्टीनं ‘वाटेत लागणारी वस्तू’ राहत नाही.

आमच्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे. डायमंडचे हिशेब तर त्यांच्याआधीही होते.

डायमंड म्हणजे काय? ती पद्धत खरंच चालते का?

टेबलाच्या लाकडी चौकटीवर ठिपके बसवलेले असतात, त्यांना डायमंड म्हणतात. लांब बाजूवर कोपरे सोडून सात, आखूड बाजूवर तीन. खेळायची जागा २.८४ बाय १.४२ मीटर, म्हणजे लांबीचे आठ आणि रुंदीचे चार भाग होतात. एक भाग बरोबर ३५.५ सेंटिमीटर.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा हिशेब असा. तुम्ही आखूड बाजूला उभे आहात आणि चेंडू डावीकडच्या जवळच्या कोपऱ्यातून निघणार आहे.

१. निघायचा आकडा: तुमच्याकडचा डावा कोपरा ५०. तिथून डाव्या लांब बाजूनं पुढे जाताना प्रत्येक डायमंडला ५ कमी होतात: ४५, ४०, ३५ असे. कोपऱ्यापासून आखूड बाजूवर उजवीकडे सरकलात तर प्रत्येक डायमंडला १० वाढतात: ६०, ७०.

२. पहिल्या कुशनचा आकडा: उजवी लांब बाजू. पलीकडचा कोपरा शून्य, तिथून तुमच्याकडे येताना १०, २०, ३०, ४०.

३. तिसऱ्या कुशनचा आकडा: पुन्हा डावी लांब बाजू, पलीकडचा कोपरा शून्य, तुमच्याकडे येताना १०, २०, ३०.

सूत्र एवढंच: निघायचा आकडा वजा पहिल्या कुशनचा आकडा बरोबर तिसऱ्या कुशनचा आकडा. चेंडू ५० वरून निघाला आणि ३० वर मारला तर उजवी बाजू, पलीकडची आखूड बाजू असं करून डाव्या बाजूच्या २० वर येतो. २० वर मारला तर ३० वर.

नेम कुशनच्या कडेवर धरायचा नाही, मागच्या लाकडातल्या डायमंडवर धरायचा. आणि चेंडूला ‘चालती’ साइड द्यायची. साइड म्हणजे चेंडूच्या मध्याच्या बाजूला मारून दिलेली फिरकी, आणि ‘चालती’ म्हणजे चेंडू ज्या बाजूला वळत जाणार त्याच बाजूची. वरच्या उदाहरणात तो डावीकडे वळत जातो, म्हणून डावी साइड.

साइड कशाला? आरशासारखा कोन धरला तर नाही चालत?

कागदावर करून बघा. ५० वरून ३० वर, साइड नाही, प्रत्येक कुशनवर आला तसाच कोन. उत्तर २० येतं, सूत्राशी तंतोतंत. मग लोक म्हणतात, हे तर सोपं आहे. आता ५० वरून २० वर काढा. कागद सांगतो ४०, सूत्र आणि टेबल सांगतात ३०. पूर्ण एक डायमंडचा फरक, ३५.५ सेंटिमीटर. चेंडू फिरत असतो, कुशनचं रबर दबतं, कापडाशी घर्षण होतं, आणि प्रत्येक कुशनवर फिरकीचा काही भाग खर्च होतो. सूत्र हे सगळं धरून, खेळून खेळून बसवलेलं आहे. भूमितीतून काढलेलं नाही. म्हणून साइड आणि वेग सूत्राला अपेक्षित तेवढेच असले तरच ते लागू पडतं.

फटक्यात पहिला चेंडू आधी असेल तर ५० कुठून मोजायचा?

हा प्रश्न विचारणारा अर्धी लढाई जिंकलेला असतो. आपला चेंडू पहिल्या चेंडूला लागून ज्या रेषेत सुटतो, ती रेषा मागे वाढवायची. ती कुशनला जिथे छेदेल तो निघायचा आकडा. मग आपला चेंडू त्या रेषेवर सुटावा म्हणून पहिल्याला किती जाड लागायचं ते ठरवायचं.

जाडीचा अंदाज असा: आपल्या नेमाची मधली रेषा समोरच्या चेंडूच्या कडेवर धरली की अर्धा चेंडू लागतो, आणि समोरचा चेंडू मूळ रेषेपासून ३० अंशांत सुटतो. पाऊण चेंडू लागला तर साधारण १४ ते १५ अंश. पाव चेंडू लागला तर ४८ ते ४९. हे पाठ असलं की पहिला चेंडू कुठे जाईल हे फटक्याआधी दिसायला लागतं.

एवढा हिशेब बरोबर असूनही फटका चुकतो. का?

हिशेबापेक्षा हात चुकतो. नेहमीची कारणं:

*किस.* आपला चेंडू तीन कुशन फिरून येत असतो आणि पहिला चेंडूही फिरून त्याच वाटेवर येतो. धडक होते आणि गुण गेला. नवखा याला ‘नशीब’ म्हणतो. जाडी थोडी बदलली तर पहिला चेंडू आधी किंवा नंतर त्या जागेवरून निघून जातो. आपल्या चेंडूची वाट सांभाळायला त्याच प्रमाणात साइड आणि वेग बदलावा लागतो. चांगला खेळाडू फटक्याआधी टेबलाभोवती फिरतो तो बऱ्याचदा किस कुठे होईल ते शोधत असतो.

*जास्त जोर.* जोरात मारलं की रबर जास्त दबतं आणि चेंडू कुशनवरून अपेक्षेपेक्षा उभ्या कोनात परत येतो. सूत्र मध्यम वेगाचं आहे.

*साइड जास्त होणं.* चेंडूचा व्यास ६१.५ मिलिमीटर. मध्यापासून साधारण १५ मिलिमीटरपलीकडे टिप, म्हणजे क्यूचं टोक, लागली की ती घसरते. चॉक कितीही लावा.

*क्यूची मागची बाजू उचललेली असणं.* साइड मारताना क्यू आडवा नसेल तर चेंडू सरळ जात नाही, वाटेत किंचित वळतो. लांबच्या फटक्यात हे लगेच कळतं.

*टेबल वेगळं असणं.* दहा वेळा ५०–३० मारा. दहाही वेळा चेंडू २५ च्या आसपास आला, तर टेबल ५ नं वेगळं आहे. तुम्ही ३५ वर मारा, २० मिळेल. पण दहा चेंडू दहा ठिकाणी गेले तर टेबलाला दोष देऊ नका.

नेम किती अचूक लागतो?

दुसऱ्या चेंडूला नुसता स्पर्श पुरे. आपल्या चेंडूचा मध्य दोन्ही बाजूंना ६१.५ मिलिमीटर इकडेतिकडे असला तरी चालतं, म्हणजे एकूण १२.३ सेंटिमीटरची खिडकी. डायमंडच्या हिशेबात साडेतीन आकडे.

दुसरा चेंडू कोपऱ्याजवळ, कुशनपासून चेंडूभर अंतरावर असेल तर ही खिडकी बरीच मोठी होते: सरळ लागला तरी गुण, कुशनला आपटून परत येताना लागला तरी गुण. खेळाडू याला ‘मोठा चेंडू’ म्हणतात. क्यूलेमान्स यांच्या ‘पुढचा गुण सोपा ठेवायचा’ या पद्धतीचा व्यवहारातला अर्थ मुख्यतः हाच: पहिला चेंडू असा सोडायचा की पुढच्या फटक्याला कोपऱ्यात मोठा चेंडू तयार असेल. अगदी जुळलं नाही तरी एक चेंडू कोपऱ्याकडे आणि आपला चेंडू टेबलाच्या मध्याकडे, एवढं साधलं तरी पुष्कळ झालं.

सरासरी कशी काढतात? किती चांगली?

गुण भागिले पाळ्या. ४० पाळ्यांत ५० गुण म्हणजे १.२५०. २५ पाळ्यांत ५० म्हणजे २.०००. क्लबातल्या खेळाडूला ०.५०० जमली तर तो बरा खेळतो असं समजा. १.००० ला पोचणारा गंभीर खेळाडू. आज जगातले अव्वल लोक २ च्या आसपास खेळतात. क्यूलेमान्स यांच्या भराच्या काळात ही पातळी फार दूर होती. टेबल, कापड, चेंडू आणि शिकायची साधनं सगळंच नंतर सुधारलं. त्यामुळे त्यांची जुनी सरासरी आजच्या आकड्याशेजारी ठेवून ‘एवढीच?’ म्हणणं बरोबर नाही. तुलना करायचीच तर त्यांच्या आणि त्याच स्पर्धेतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूची करा.

विली हॉपी मोठा की क्यूलेमान्स?

हा वाद संपणारा नाही. अमेरिकेचा हॉपी (१८८७–१९५९) अठराव्या वर्षी, १९०६ साली, पॅरिसला जाऊन मॉरिस व्हिन्यो या दिग्गजाला हरवून आला आणि १९५२ पर्यंत ५१ जागतिक किताब त्याच्या नावावर लागले. १९४० च्या तीन कुशनच्या जागतिक स्पर्धेत तो २० पैकी २० सामने जिंकला. लहानपणी पेटीवर उभा राहून खेळायचा म्हणून त्याचा हात कायम बाजूनं फिरायचा. आज कुठलाही प्रशिक्षक तो हात बघून डोक्याला हात लावेल.

फरक असा की हॉपीच्या काळात बरेच किताब आव्हान-सामन्यांतून ठरत. क्यूलेमान्स यांना दर वर्षी अनेक देशांच्या विजेत्यांमधून वर यावं लागलं. आमचं मत क्यूलेमान्स यांच्या बाजूनं आहे, पण हॉपीच्या बाजूनं बोलणाऱ्याला आम्ही वेड्यात काढणार नाही.

टेबल गरम करतात म्हणे. खरं?

खरं. पाटीच्या दगडाखाली विजेची तार असते आणि दगड खोलीपेक्षा काही अंश गरम ठेवतात. कापड बारीक विणीचं, लव नसलेलं असतं. त्यात दमटपणा शिरला की चेंडू मंदावतो आणि फिरकी लवकर मरते. तीन-चार कुशन फिरून येणाऱ्या चेंडूला हे परवडत नाही. जुलैमधल्या मुंबईत ही सोय नसलेल्या टेबलावर सकाळी आणि संध्याकाळी वेगळे आकडे आले तर नवल नाही. उलट नव्या कोऱ्या कापडावर चेंडू घसरतो आणि पहिले काही दिवस सगळेच हिशेब बिघडतात.

महाराष्ट्रात हे खेळता येईल का?

आपल्याकडची परंपरा खिशांच्या टेबलाची. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, १९६४ ला पुन्हा. मुंबईचे मायकेल फरेरा त्याच वाटेनं गेले. पण ते इंग्लिश बिलियर्ड्स. त्यातला ‘कॅनन’, म्हणजे आपल्या चेंडूनं दोन्ही चेंडूंना लागणं, हा कॅरमचाच भाऊ. तिथे त्याला दोन गुण मिळतात. कॅरमचं टेबल मात्र आपल्याकडच्या क्लबात क्वचितच दिसेल.

सराव करायचाच तर नऊ फुटी पूल टेबल घ्या, स्नूकरचं नको. पूलच्या टेबलाला डायमंड असतात आणि लांबी-रुंदीचं प्रमाण तेच, दोनास एक. खिशात जाणारे फटके सोडून द्या आणि वर सांगितल्याप्रमाणे त्या टेबलाचे स्वतःचे आकडे लिहून काढा. स्नूकरच्या टेबलावर ६१.५ मिलिमीटरचा चेंडू आणून ठेवणारेही असतात. तिथली कुशन ५२.५ मिलिमीटरच्या चेंडूसाठी बसवलेली असते. मोठ्या चेंडूला ती खाली लागते आणि तो उसळतो. शिवाय लवेच्या कापडावर चार कुशन फिरवायला एवढा जोर लागतो की सूत्राचा काही उपयोग उरत नाही.

स्नूकरचा क्यू चालेल का?

शिकायला चालेल, पण लवकर अडचण येईल. स्नूकरची टिप ९ ते १० मिलिमीटरची, कॅरमची ११ ते १२. कॅरमचा चेंडू २०५ ते २२० ग्रॅमचा. बारीक, लवचिक टोकाच्या क्यूनं त्याला भरपूर साइड देताना टोक वाकतं आणि नेम बाजूला जातो. कॅरमच्या क्यूचं टोक आखूड आणि शंकूसारखं मागे जाड होत जातं ते यासाठीच.

सुरुवात कशी करावी?

पहिला महिनाभर दुसरे चेंडू टेबलावर आणूच नका. कुशनवर कागदाचा कपटा ठेवून ५०–३०, ५०–२०, ४५–२५ असे दहा-दहा फटके एकाच वेगानं मारा आणि प्रत्येक वेळी चेंडू कुठे आला ते वहीत लिहा. मग फक्त अर्ध्या चेंडूचा सराव. त्यानंतर दोन्ही जोडा. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये बरेच जण कॅफेमधल्या २.३० मीटरच्या छोट्या टेबलावर शिकतात, तेव्हा छोट्या टेबलाची लाज वाटायचं कारण नाही.

चेंडू एकमेकांना चिकटून थांबले तर?

आपला चेंडू दुसऱ्या चेंडूला चिकटला असेल तर दोन पर्याय. चिकटलेले चेंडू त्यांच्या ठरलेल्या जागांवर मांडून घ्या, किंवा चिकटलेल्या चेंडूला न हलवता मोकळ्या चेंडूकडे वा कुशनकडे फटका मारा. चांगली मांडणी हाताशी असेल तर दुसरा पर्याय आधी बघा. आणि मारताना निदान एक पाय जमिनीला टेकलेला हवा. हा फाउल नवख्यांच्या लक्षातच येत नाही.

आज हा खेळ कुठे जिवंत आहे?

बेल्जियम, नेदरलँड्स, तुर्कस्तान आणि सगळ्यात जास्त दक्षिण कोरिया आणि व्हिएतनाम. कोरियात २०१९ पासून स्वतंत्र व्यावसायिक लीग आहे. २०२३ चा जागतिक किताब व्हिएतनामच्या बाओ फुओंग विन्हनं घेतला, २०२४ चा कोरियाच्या चो म्युंग-वूनं. क्यूलेमान्स यांच्यानंतर स्वीडनचा टोरब्योर्न ब्लॉमडाल, नेदरलँड्सचा डिक यास्पर्स, बेल्जियमचाच फ्रेडरिक कोद्रों आणि इटलीचा मार्को झानेत्ती यांनी वेग आणि सरासरी कुठल्या कुठे नेली. यांच्यापैकी कुणाचाही सामना लावा आणि आपला चेंडू फिरत असताना त्याच्याकडे न बघता पहिल्या चेंडूकडे बघा. तो कुठे जाऊन थांबतो तिथे क्यूलेमान्स दिसतील.